दिवसभर लोळणं की दुपारची वामकुक्षी?

2023 पासून ‘बेड रॉटिंग’ हा प्रकार टिकटॉकवरून जगभर पसरला. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंथरुणात, हातात मोबाइल, उशाशी चिप्सचं पाकीट, आणि ही म्हणे स्वतःची काळजी. आपल्याकडची जुनी सोय वेगळी आहे: जेवण झालं की सतरंजी टाकून डाव्या कुशीवर अर्धा तास आडवं व्हायचं. गोव्यातल्या गावांत तर अजूनही दुपारी दुकानांची शटरं खाली येतात.

थकलेल्या जिवाला दोन्ही हवंसं वाटतं, हे अगदी मान्य. फरक रात्री कळतो. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, म्हणून रात्री झोप येते. दिवसभर डुलक्या काढल्या की ते ओसरतं आणि बारा वाजले तरी डोळे टक्क उघडे. त्यात पडदे ओढलेले, म्हणजे शरीराच्या घड्याळाला उजेडही नाही. निद्रानाशाच्या उपचारात अंथरूण झोपेपुरतंच ठेवायला सांगतात ते उगाच नाही. वामकुक्षीच्या 20-30 मिनिटांत मात्र सहसा गाढ झोप लागत नाही, त्यामुळे उठल्यावर डोकं जड होत नाही.

ताप असेल, रात्रपाळी झाली असेल, बाळंतीण असेल, तर खुशाल दिवसभर पडावं. एरवी मी वामकुक्षीच्याच बाजूने. तीनच्या आत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. मात्र दोन-दोन आठवडे अंथरुणातून उठावंसंच वाटत नसेल, तर डॉक्टरांना गाठा. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.