हँडल फिरवायचा रेडिओ: मारिया वादळात वापरलाय, म्हणून सांगतो

मावसभावाने परवा विचारलं की दापोलीच्या घरी ठेवायला तो हँडलवाला (हँडल फिरवून आतली बॅटरी चार्ज करायचा) इमर्जन्सी रेडिओ घेऊ का, निसर्ग वादळात (जून 2020) त्यांच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती ना, म्हणून एकदाच सगळं टाईप करून टाकतोय.

मी 2017 ला पोर्तो रिकोत होतो, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर, सान हुआनच्या रिओ पिएद्रास भागात, शिकायला. सप्टेंबरच्या सुरुवातीला इर्मा वादळ बेटाच्या उत्तरेकडून निघून गेलं तेव्हा घाबरून हा रेडिओ घेतला, तीसेक डॉलरला, आणि दोन आठवड्यांनी 20 सप्टेंबरच्या पहाटे मारिया बेटावरच्या याबुकोआ गावाला धडकलं. ताशी 250 किलोमीटर वारा. अख्ख्या बेटाची लाईट गेली, 100 पैकी 95 मोबाईल टॉवर बंद. इर्माच्या वेळी सगळ्यांनी ते झेलो नावाचं वॉकीटॉकी अॅप धडाधड डाउनलोड केलं होतं, नेट नसलं तरी चालतं म्हणे. अरे नाही चालत, कंपनीने स्वतः सांगितलं होतं, पण ऐकतो कोण!

तर रेडिओ. एएम, म्हणजे आपलं मीडियम वेव्ह, एकदम मस्त. उलट लाईट गेल्यावर जास्तच स्वच्छ ऐकू येतं कारण आजूबाजूच्या पंपाच्या मोटारी, ट्यूबलाईट, चार्जर यांची खरखर नसते. एक गोष्ट मला तिसऱ्या दिवशी कळली, ती वरची लांब दांडी एएमला काहीच कामाची नाही, त्याचा अँटेना आत आडवा असतो, त्यामुळे दांडी वरखाली करण्यापेक्षा अख्खा रेडिओच गोल फिरवत बसायचं, कुठल्यातरी कोनात आवाज बरोब्बर उघडतो. आमच्या घरी तो कोन म्हणजे फ्रीजवर, तोंड बाथरूमकडे.

एएमवर 680 ला वापा रेडिओ. मारियात चालू राहिलेलं हे जवळजवळ एकच स्टेशन, डिझेलच्या जनरेटरवर. माझं स्पॅनिश तोडकंमोडकं, पण गावांची आणि माणसांची नावं कळायला किती भाषा लागते? लोक स्वतः स्टेशनवर चिठ्ठ्या घेऊन जायचे, अमक्या गावातला माझा भाऊ सापडत नाहीये, आम्ही ठीक आहोत, कुणीतरी सांगा. वरच्या मजल्यावरच्या आजी रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन आमच्याकडे यायच्या, त्यांचा भाऊ उतुआदोच्या डोंगरात. तिकडे रिओ आबाहोचा पूल वाहून गेलेला, लोकांनी नदीवर तार ओढून सुपरमार्केटची ट्रॉली लटकवली आणि तिच्यातून पाणी, तांदूळ पलीकडे नेले. आजी नावं ऐकताना हँडल मारायला द्यायच्या नाहीत, घर्र घर्र आवाजात एखादं नाव सुटेल म्हणून, त्यामुळे मी आधीच पंधरा मिनिटं मारून ठेवायचो. भावाचं नाव नवव्या दिवशी आलं. आजींनी मला नुसतं "नेने" (म्हणजे बाळा) म्हटलं आणि कॉफी करायला वर गेल्या.

घरी सांगलीला आई टीव्हीसमोर. तिला काय दिसलं, तर 3 ऑक्टोबरला ट्रम्प येऊन लोकांत पेपर टॉवेल फेकतोय आणि मेले फक्त 16. हायवेवर सिग्नल मिळाला तेव्हा आई म्हणाली, "अरे, मग फार काही नाही ना झालं?" तो आकडा पुढे 64 झाला आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये सरकारने 2,975 मान्य केला, कारण डायलिसिस, ऑक्सिजन, इन्सुलिन या गोष्टी वादळ गेल्यावर बंद पडल्या होत्या. आम्हाला ते रेडिओवर आधीपासून ऐकू येत होतं, हॉस्पिटलवाले डिझेल मागत होते.

आता तक्रारी. फोन चार्ज होतो असं खोक्यावर छापलंय ते विसरा, वीस मिनिटं हँडल मारून हात गेला आणि फोन एक टक्का चढला. सोलर पट्टी शोभेची, दिवसभर उन्हात ठेवली तर अर्धा तास चालतो. आठव्या दिवशी हँडलचा स्क्रू ढिला झाला, तो नेलकटरने आवळला. साध्या सेलचा कप्पा आहे तोच खरा उपयोगाचा, तो नसलेलं मॉडेल घेऊच नका. वेदर बँड (अमेरिकेतल्या हवामान खात्याची रेडिओ स्टेशनं) आपल्याकडे लागत नाही, त्याचे जादा पैसे देऊ नका, आणि फक्त एफएमवाला पण नको, घेण्याआधी दुकानातच आकाशवाणी मीडियम वेव्हवर लावून बघा.

टॉर्च चांगला आहे. एक स्टार हँडलचा कापला, बाकी चार.