डिस्क भरली: पुसायचं, हलवायचं की डिस्कच बदलायची?

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की आपण घाईघाईनं दिसेल ते पुसायला लागतो, आणि दोन महिन्यांनी पट्टी पुन्हा लाल होते. फाइली पुसाव्यात, बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवाव्यात, क्लाउडवर ठेवाव्यात की आतली डिस्कच मोठी घ्यावी, हे ठरवण्याआधी जागा नेमकी कशानं भरली आहे ते पाहा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असं गेलं की हिशेब दिसतो. मॅकवर तो सिस्टिम सेटिंग्जमधल्या जनरलखाली असतो. विंडोजवर आणखी खोलात जायचं असेल तर विझट्री किंवा विनडिरस्टॅट वापरा. कोणत्या फोल्डरनं किती जागा घेतली, ते मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं समोर येतं. मला विझट्री जास्त आवडतं, कारण ते डिस्कवरची फाइलींची मूळ नोंदवहीच थेट वाचतं आणि काही सेकंदांत उत्तर देतं.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीचीच दिसते, आणि उरलेली जागा कुठे गेली म्हणून लोक खूप शोधाशोध करतात. ती कुठेच गेलेली नसते. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. म्हणून ५१२ जीबीची डिस्क ४७६ची दिसते.

आता हिशेब पाहिल्यावर जागा सिस्टिमच्याच कचऱ्यानं भरलेली निघाली, तर साफसफाईइतका चांगला उपाय नाही. पैसे लागत नाहीत आणि अर्ध्या तासात काम होतं. विंडोजचं मोठं अपडेट झालं की आधीची आवृत्ती 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात राहते. ती साधारण १० दिवसांनी आपोआप जाते, पण नवी आवृत्ती नीट चालत असेल तर आधीही काढता येते. हायबरनेशनची, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून संगणक पूर्ण बंद करण्याच्या सोयीची फाइल सहसा रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर ६ जीबीच्या आसपास. डेस्कटॉपवर हायबरनेशन बंद करायला हरकत नाही. संगणक लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर बंद होतं, एवढं लक्षात असू द्या. लॅपटॉपवर मात्र ते राहू द्यावं असं माझं मत आहे. स्टोरेजच्या सेटिंग्जमधल्या टेम्पररी फाइल्सच्या यादीत डाउनलोड्स फोल्डरचंही नाव असतं. त्यावर टिक आहे का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. एसएसडीवरून, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या वेगवान डिस्कवरून, गेलेली फाइल परत मिळणं फार कठीण असतं, कारण पुसलेली जागा ट्रिम नावाच्या आज्ञेमुळे खरोखरच मोकळी केली जाते.

विंडोज आपल्या घटकांच्या फाइली ठेवतं तो विनएसएक्सएस फोल्डर कितीही मोठा दिसला तरी हातानं पुसू नका. त्यातल्या बऱ्याच फाइली सिस्टिमच्या इतर फोल्डरांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे एकच फाइल दोनदा मोजली जाते आणि आकार फुगलेला दिसतो. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणाऱ्या प्रोग्रामांनी जागेत काहीही फरक पडत नाही.

पण पाहणीत फोटो आणि व्हिडिओच पुढे आले, तर साफसफाई पुरणार नाही. आयफोनवर ४के व्हिडिओ ३० फ्रेमनं, हाय एफिशियन्सी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये घेतला तर मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात, तासाला १० जीबी. अशा वेळी निवड उरते बाहेरची डिस्क आणि क्लाउड यांच्यात, आणि इथे घाई करू नये.

२०० जीबी हलवायचे आहेत असं धरू. यूएसबी ३च्या पोर्टला लावलेली साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल तर मोठ्या फाइलींचं काम अर्ध्या तासाच्या थोडं पुढे जातं. हजारो लहान फोटो असतील तर बराच जास्त वेळ लागतो. तेच इंटरनेटवर चढवायचं आणि अपलोडचा वेग २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट, म्हणजे अडीच एमबी) असेल, तर सलग २२ तास. हार्ड डिस्कचे पैसे एकदाच जातात. क्लाउडवर गूगलचे १५ जीबी फुकट असतात, पण त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही मोजले जातात; वनड्राइव्ह आणि आयक्लाउड ५ जीबी देतात. त्यापुढचं भाडं दरमहा, फाइली तिथे असेपर्यंत.

मग क्लाउड घ्यायचं कशाला? कारण डिस्क पडते, हरवते, संगणकाबरोबर चोरीलाही जाते. क्लाउडवरची प्रत घराबाहेर असते. पण सिंक, म्हणजे संगणक आणि क्लाउडवरच्या फाइली सारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे, हे मनात पक्कं करा. वनड्राइव्हच्या फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडलं तर फाइल क्लाउडवर राहते आणि संगणकावर फक्त तिचं नाव उरतं. 'डिलीट' केलं तर ती सगळीकडून जाते, आणि वैयक्तिक खात्यात ३० दिवसच रिसायकल बिनमध्ये सापडते. दोन्ही पर्याय एकाच मेनूत असतात.

घरचे फोटो असतील तर मी दोन्ही वापरा असंच सांगेन. एकच करणं शक्य असेल, तर एका डिस्कऐवजी दोन स्वस्त हार्ड डिस्क घ्या आणि दोन्हींवर तेच ठेवा. संगणकावरून पुसून फोटोंची एकमेव प्रत एका डिस्कवर ठेवू नका. जागा मिळते खरी, पण वीस वर्षांचे फोटो एका यूएसबी वायरीच्या टोकाला लटकतात. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायचं असेल तर एसएसडीपेक्षा हार्ड डिस्क बरी, कारण बराच काळ वीज मिळाली नाही तर एसएसडीवरचा डेटा हळूहळू जाऊ शकतो.

चौथा मार्ग आतली एसएसडी मोठी घेण्याचा. रोज लागणाऱ्या गोष्टींनीच जागा भरली असेल, म्हणजे गेम, व्हिडिओ एडिटिंगची कामं, मोठे प्रोग्राम, तर हाच खरा उपाय. हे बाहेर हलवलं की काम रखडतं, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते. तुमचा लॅपटॉप उघडून डिस्क बदलता येते का ते आधी पाहा. मॅकबुकसारख्या बऱ्याच लॅपटॉपांत ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते. डिस्कची जागा एम डॉट टूची (पातळ पट्टीसारख्या डिस्कची) आहे की अडीच इंची साटाची (चपट्या डबीसारख्या डिस्कची), हेही बघून घ्या. डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

जुन्या डिस्कचं क्लोन (हुबेहूब प्रत) करून नवी बसवली तरी जुनी लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभर बाजूला ठेवा, त्या काळात नव्या डिस्कवरचे फोटो, कागदपत्रं, मेल एकेक उघडून पाहा, आणि मगच ती रिकामी करून बॅकअपसाठी वापरायला घ्या.