घोड्याची मालिश: हात, लिनिमेंट, पाणी की मसाज गन?

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली आणि मागच्या पायाला हॉकच्या (मागच्या पायातल्या मधल्या मोठ्या) सांध्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. तिथे हाड, कंडरा आणि कातडी. तरी बऱ्याच पागांमध्ये तेल जिरवलं जातं ते तिथेच. थकणारे स्नायू वर असतात: मान, खांदा, पाठ, पुठ्ठे, मागची मांडी. घोड्याला गळ्याचं हाड (कॉलरबोन) नसतं, त्यामुळे त्याचं धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंनीच तोललेलं असतं. माथेरानसारख्या चढउताराच्या जागी माणूस पाठीवर घेऊन उतरणाऱ्या घोड्याचे खांदे आणि छाती आधी आखडतात, त्याचं हे एक मोठं कारण.

रोजच्या कामाला हाताची मालिश सर्वांत भरवशाची, आणि तिला खर्च फक्त वेळेचा. घोडा पूर्ण निवल्यावर आणि खरारा झाल्यावर सुरू करा. आधी तळहात सपाट ठेवून केसांच्या दिशेने लांब, सावकाश हात फिरवा, दोनतीन मिनिटं. मग तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाब द्यायचा, दोनतीन सेकंद धरायचा, हळू सोडायचा आणि हात थोडा पुढे सरकवायचा. पाठीवर मणक्यापासून चार बोटं सोडून; मणक्यावर, खांद्याच्या फऱ्याच्या कण्यावर किंवा कमरेच्या टोकाच्या हाडावर कधीच नाही. दोन्ही बाजू मिळून २० ते ३० मिनिटं पुरतात. रपेटीआधी करायचीच असेल तर पाच मिनिटं, हलक्या हाताने.

दाब बरोबर आहे का, ते घोडाच सांगतो. मान खाली येते, ओठ सैल पडतात, तो जीभ-जबडा हलवतो. कान मागे गेले, शेपूट आपटली किंवा हाताखाली पाठ खचली, तर दाब जास्त झाला. तिथेच आणखी जोर लावून 'गाठ फोडायला' जाणारे मोतद्दार (घोड्याची निगा राखणारे) दुसऱ्या दिवशी घोडा आणखी आखडलेला पाहतात. गवताच्या घट्ट वळलेल्या मुटक्याने मान आणि पुठ्ठे थोपटण्याची जुनी रीतही चांगली आहे, पण कमरेवर थोपटू नका.

लिनिमेंटची, म्हणजे अंगाला चोळायच्या औषधाची, बाटली पागेत हवी, पण तिच्यावर भिस्त नको. मेंथॉल, कापूर, मिथाइल सॅलिसिलेट किंवा तारपीन यांनी जाणवणारा गारवा वा ऊब ही बरीचशी कातडीची प्रतिक्रिया असते. खरा फायदा अनेकदा लावताना झालेल्या चोळण्याचाच असतो. तोटे मात्र ठरलेले: खोगिराखाली लावलं की घामाबरोबर कातडी भाजते, वर घट्ट पट्टी बांधली की फोड येतात, जखमेवर लागलं तर घोडा पुन्हा जवळ येऊ देत नाही. नवी बाटली आधी बोटभर जागेवर लावून दिवसभर बघा. स्पर्धेचा घोडा असेल तर घटकांची यादी वाचल्याशिवाय झाकणही उघडू नका. २००८च्या ऑलिंपिकमध्ये हाँगकाँगला झालेल्या शो-जंपिंगमध्ये मिरचीतलं कॅप्सेसिन सापडलं म्हणून घोडे बाद झाले होते.

पाण्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय: तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं की स्नायू आखडतात. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत याची नीट तपासणी झाली आणि भीती निराधार ठरली. कोकणच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून तिथे तर पूर्ण अंगावर पाणी ओतत राहणं हाच थंड करण्याचा खरा मार्ग. मार किंवा ताजी सूज असेल, तर पहिले दोन दिवस त्या जागी १५-२० मिनिटं गार पाण्याची धार, दिवसातून दोनतीनदा. जागा गरम आहे तोवर मालिश नाही, शेकही नाही. गरम टॉवेलचा शेक नंतर, जुन्या आखडलेपणावर.

मसाज गन सर्वांत शेवटी घ्या. ज्याच्याकडे घोडे जास्त आणि हात कमी, त्याला ती कामाची. मऊ गोल डोकं, सर्वांत कमी वेग, एका जागी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही. आधी बंद यंत्र हुंगू द्या, मग लांबून आवाज, मग खांदा. हात गरम जागा, सूज, थरथर ओळखतो. यंत्राला ते कळत नाही.

गाजर दाखवून मान वळवून घेण्याचे ताण मात्र अनेकांनी वगळलेले आणि सर्वांत स्वस्त. हनुवटी छातीला, मग बाजूला तंगापर्यंत (पोटाखालून जाणाऱ्या खोगिराच्या पट्ट्यापर्यंत), मग मांडीकडे, मग पुढच्या दोन पायांमध्ये खाली. प्रत्येक वेळी पाचेक सेकंद, प्रत्येकी पाच वेळा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवड्याला पाच दिवस असं तीन महिने केल्यावर मणक्यालगतचे खोल स्नायू मोजण्याइतके वाढले. मालिशीने स्नायू सैल होतो, वाढत नाही. गाजर हिसकावू देऊ नका; झटका बसला की ताणाचा उपयोग गेला.

एकच घोडा आणि रोज अर्धा तास असेल, तर मालिश आणि गाजर, बाकी काही नको. दिवसभर सवारी देणारा घोडा असेल तर संध्याकाळी आधी पाणी, मग मालिश. पण पाठ रोज त्याच जागी दुखत असेल, तर पैसे खोगिरावर घाला. काम झाल्यावर खोगीर उतरवून घामाचे ठसे बघा: भिजलेल्या पाठीवर मधेच कोरडा ठिपका दिसला, तर बहुधा तिथे दाब जास्त पडतोय. वशिंडाजवळ (मान संपते तिथल्या उंचवट्याजवळ) पांढरे केस उगवले असतील, तर तो दाब जुना आहे.

आणि एका घोड्याला यातलं काहीच करायचं नाही: काम सुरू होताच पुठ्ठे दगडासारखे कडक, भरपूर घाम, पाय उचलायला नकार, लघवी कॉफीच्या रंगाची. आदल्या दिवशी विश्रांती आणि चंदी (दाण्याचा खुराक) मात्र पूर्ण, असं असताना हे जास्त दिसतं. चालवू नका, चोळू नका. जिथे आहे तिथेच उभा करा, पाणी ठेवा, पशुवैद्याला बोलवा. आणि पुढच्या विश्रांतीच्या दिवशी चंदी कमी करून गवत वाढवा.