ल पुई ते काँक पायी: आठ महिन्यांनंतर काय वाटतंय

गेल्या सप्टेंबरात आम्ही फ्रान्समध्ये ल पुई ते काँक चालत गेलो. त्यातलं आधी नखाचं सांगते. डाव्या अंगठ्याचं नख सप्टेंबरात काळं पडलं, नोव्हेंबरात निघालं आणि मे आला तरी अर्धंच उगवलंय. चूक माझीच. निघायच्या आदल्या आठवड्यात नेहमीच्या मापाचे बूट घेतले होते. चढाला उत्तम चालले. दुसऱ्या दिवशी मात्र रोशग्यूदच्या छोट्या चॅपेलपासून आलिए नदीकाठच्या मोनिस्त्रोलपर्यंत खडा उतार लागला आणि दर पावलाला अंगठा पुढे आपटायला लागला. बूट अर्धा नंबर मोठे घ्या आणि त्यांच्यासकट दोनदा तरी सिंहगड उतरून या.

आम्ही सहाजण, कॉलेजपासूनचे, पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे. वाट जीआर 65, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गाचा फ्रान्समधला एक फाटा. त्यातला ल पुई ते काँक हा सुमारे 200 किलोमीटरचा तुकडा 11 दिवसांत केला. ल पुईच्या कॅथेड्रलमध्ये सकाळी सातची प्रार्थना झाली की जमिनीतली जाळी उघडते आणि यात्रेकरू तिथूनच पायऱ्या उतरून वाटेला लागतात. आम्ही श्रद्धेने नाही, कुतूहलाने गेलो होतो, पण पायऱ्या उतरताना कोणी बोललं नाही. पुढे खुणा सोप्या: झाडावर, दगडावर, खांबावर पांढरा-लाल पट्टा. त्याच रंगांची फुली दिसली की वाट चुकली. आम्हाला दोनदा दिसली, दोन्ही वेळा गप्पांच्या नादात.

खरी अडचण रस्त्याची नव्हती, सहाजणांची होती. 'सगळे बरोबरच चालू' हा पहिल्या दोन दिवसांचा हट्ट. पुढचे थांबून थांबून गारठले, मागचे धावून धावून दमले. सोग गावी मुक्कामाला जेवताना खटके उडाले. एकीने तर परतीच्या गाड्या बघायला सुरुवात केली. शेवटी आमच्यातली वारी केलेली मैत्रीण म्हणाली, "अगं, वाटेत चुकामूक झाली तरी मुक्कामाला भेटतातच की सगळे!" तिसऱ्या दिवसापासून ज्याने त्याने आपल्या वेळेला निघायचं आणि संध्याकाळी सातला जेवायला हजर राहायचं, असं ठरलं. मित्रांबरोबर जाणार असाल तर हे घरूनच ठरवून निघा.

मुक्काम जीतमध्ये, म्हणजे चालणाऱ्यांसाठीच्या साध्या घरांत. बूट दाराशी, सॅक बऱ्याच ठिकाणी खोलीबाहेर (ढेकणांच्या भीतीने), पांघरूण त्यांचं, चादर आपली. रात्रीचं जेवण, नाश्ता धरून माणशी साधारण 50 युरो पडले. आमच्यातला एकजण इतका घोरायचा की एका फ्रेंच आजोबांनी गादी उचलून व्हरांडा गाठला. मोठ्या बॅगा गाडीने पुढे पाठवत होतो. एकदा त्या भलत्याच जीतला उतरवल्या आणि रात्री आठला हाती लागल्या, पण गुडघ्यांसाठी तो खर्च पुन्हाही करेन.

शाकाहारी दोघींचे हाल झाले. ल पुईची हिरवी मसूर प्रसिद्ध, पण ताटात येते ती डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालून. जीतला आधी कळवलं तिथे आमलेट मिळालं, न कळवलं तिथे ब्रेड-चीज. दुकानं दुपारी बंद, म्हणून चटणीची पुडी रोज खिशात. पाणी संपलं तर गावाची दफनभूमी शोधा, तिथे बहुधा नळ असतो.

ओब्राकच्या पठारासाठी मात्र मी आणखी दहा नखं देईन. नास्बिनाल गावाच्या आसपास झाड नाही, आडोसा नाही. गवत, दगडी कुंपणं आणि कानात भणभणणारा वारा. वाट कुरणांतूनच जाते. तारेचं फाटक उघडायचं, आत शिरायचं, आठवणीने लावायचं. एका फाटकात गाय आडवी उभी होती. बदामी रंग, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. हलेचना. पाच मिनिटं आम्ही एकमेकींकडे बघत उभ्या होतो. त्या रात्री आलिगो खाल्लं: कुस्करलेल्या बटाट्यात ताजं तोम चीज घालून एवढं घोटायचं की पळी उचलली की हातभर तार निघते. दोघी शाकाहारींनी तीनदा वाढून घेतलं.

काँकला चर्चच्या खिडक्यांना पिएर सुलाज या चित्रकाराने केलेल्या, 1994 साली बसवलेल्या काचा आहेत. रंगीत नाहीत, चित्र नाही. "एवढं चालून आलो ते या दुधी काचा बघायला?" असं एकजण म्हणाला. मला दुपारचा त्यांचा उजेड अजून आठवतो.

पुढचा टप्पा काँक ते काओर, येत्या सप्टेंबरात. पाचजण तयार आहेत. घोरणाऱ्याला अजून कोणी विचारलेलं नाही.