पर्थच्या किनाऱ्यावर दोन वर्षे वापरलेला ७९ डॉलरचा रॉड-रीळ संच

माझा भाचा येत्या फेब्रुवारीत शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियातील पर्थला जात आहे. व्हिसा, खोली आणि फी यांच्या चौकशा उरकल्यावर त्याने मला लगेच विचारले, "मामा, तिकडं गळ टाकायला काय घ्यावं लागतं?" हा प्रश्न मला अगदी योग्य वाटला, कारण तो हरिपूरला, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे, आमच्या नानांच्या शेजारी बसून वाढलेला मुलगा आहे. नानांची कळकाची काठी, बुचाचा तरंग आणि डब्यातली ओली माती व गांडुळे एवढ्या सामानावर आमच्या घरी चिलापी, वाम आणि नशीब असेल त्या दिवशी मरळ येत असे. मीही तिथेच शिकलो आणि सात वर्षांपूर्वी पर्थला गेलो, तेव्हा समुद्रासाठी काय लागते याची मला काहीही कल्पना नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका मोठ्या दुकानातून ७९ डॉलरला, म्हणजे साधारण साडेचार हजार रुपयांना, घेतलेला रॉड-रीळ संच मी या सुट्टीत सांगलीला घेऊन आलो आहे आणि तो भाच्याला देणार आहे. देण्यापूर्वी त्याचे गुणदोष नीट लिहून ठेवावेत, म्हणजे सांगली-मिरज, तासगाव, इस्लामपूर या भागातून तिकडे जाणाऱ्या इतर मुलांनाही त्यांचा उपयोग होईल, असे वाटले. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: या किमतीचा संच अवश्य घ्यावा, त्यावरचा दोरा पहिल्याच दिवशी काढून टाकावा आणि रॉडच्या ज्या कड्यांतून दोरा जातो त्यांच्यावर कायम लक्ष ठेवावे.

संचात ९ फुटांचा, दोन तुकड्यांचा ग्लास-फायबरचा रॉड आणि ५००० आकाराचे स्पिनिंग रीळ येते, आणि रिळावर दोरा आधीच भरलेला असतो. रॉडवर ३० ते ६० ग्रॅम वजन फेकण्याची क्षमता छापलेली आहे आणि ती प्रामाणिक आहे, असे मी अनुभवाने म्हणू शकतो. त्याआधी मी १२ फुटांचा जुना, जड रॉड कोणाकडून तरी स्वस्तात घेतला होता, कारण समुद्र मोठा म्हणजे काठीही मोठी हवी असा माझा समज होता. तो रॉड नीट वाकवायला १०० ग्रॅमच्या पुढचे शिसे लागे, ते फेकताना खांदा भरून येई, आणि टोकाला लागलेला वीतभर मासा हाताला जाणवतही नसे. वाळूच्या किनाऱ्यावर नवख्या माणसाने ९ किंवा फार तर १० फुटांचाच रॉड घ्यावा. एकात एक सरकणाऱ्या दुर्बिणीसारख्या घडीच्या रॉडचा मोह पिशवीत मावतो म्हणून फार होतो, पण त्याच्या सांध्यांत वाळू शिरली की तो धड उघडत नाही आणि धड मिटत नाही, त्यामुळे तो टाळावा.

या संचातील सर्वांत कच्चा भाग म्हणजे त्यावरचा दोरा. मागच्या आठवड्यात आमच्या ऊस तुटून गेलेल्या रानात, बांधावर उभे राहून, मी भाच्याला फेक शिकवली. गळ काढून टाकला होता आणि टोकाला फक्त ४० ग्रॅमचे शिसे होते. मुद्दाम दाखवण्यासाठी मी संचाबरोबर आलेला मूळ दोरा, जो घरी एका लाकडी फिरकीवर गुंडाळून ठेवला होता, तो पुन्हा रिळावर भरला. बेल, म्हणजे रिळावरची दोरा अडवणारी तार, उघडून त्याने पहिली फेक केली, तेव्हा दोरा रिळावरून सुटा न होता वेटोळ्यांच्या पुंजक्याने बाहेर आला, पहिल्या कडीशी अडकला आणि शिसे पंधरा पावलांवर धप्पकन पडले. "मामा, हा स्प्रिंगसारखाच राहतोय की," तो म्हणाला, आणि नेमके तेच त्या दोऱ्याचे दुखणे आहे. स्वस्त आणि जाड नायलॉन महिनोन्महिने घट्ट गुंडाळून राहिल्यामुळे रिळाचे वळण धरते, आणि ते वळण ओढून, ताणून किंवा भिजवूनही पुरते जात नाही. त्यानंतर मी माझा नेहमीचा, १२ पौंडांचा म्हणजे सुमारे साडेपाच किलो ताण सोसणारा मऊ नायलॉन दोरा भरला, आणि त्याच रॉडने त्याच मुलाने पाचव्या-सहाव्या फेकीला पन्नास पावले गाठली. नव्या दोऱ्याची ३०० मीटरची गुंडी मला १२ डॉलरला मिळाली होती. या ७९ डॉलरच्या सामानाची लायकी त्या १२ डॉलरने बदलते, म्हणून मी यावर एवढे सविस्तर लिहीत आहे.

दोरा भरताना रिळाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. काठोकाठ भरला तर तो आपोआप सांडून गुंता होतो आणि फारच कमी भरला तर कडेला घासून फेक तोकडी पडते. विणलेला, म्हणजे ब्रेडेड दोरा बारीक आणि मजबूत असतो हे खरे, परंतु तो महाग आहे, त्याचा गुंता सोडवता सोडवत नाही आणि स्वस्त रिळावर खाली नायलॉनचे दोन-चार वेढे दिले नाहीत तर तो स्पूलवरच, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चकरीवरच, गरगर फिरतो. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

रीळ मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले निघाले. दोन वर्षांत त्याच्या हँडलच्या स्क्रूला गंज चढला आणि उलट फिरणे रोखणारी यंत्रणा थंडीच्या पहाटे कधी कधी अर्धा फेरा निसटते, याशिवाय तक्रार नाही. याचे कारण रिळापेक्षा त्याच्या धुण्यात आहे. समुद्रावरून आल्यावर ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरा किती ताणावर सुटावा हे ठरवणारा, खटका पूर्ण आवळावा, म्हणजे आतल्या चकत्यांपर्यंत पाणी जात नाही, मग बादलीतल्या गोड्या पाण्याने, तांब्याने ओतल्यासारखे हलकेच धुवावे, पुसावे, आणि वाळल्यावर ड्रॅग सैल सोडून ठेवावा, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत. नळीच्या जोरदार फवाऱ्याने धुणारे लोक मीठ आणि वाळू उलट आत ढकलतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे असेच, याच किमतीचे रीळ तीन महिन्यांत आवळून बसले, कारण ते तो रात्रभर गाडीच्या डिकीत तसेच खारट ठेवत असे.

कड्यांचा अनुभव मला महागात पडला. आठव्या महिन्यात माझे दोरे फेकताना अचानक तुटू लागले. एका संध्याकाळी शिशाची तीन वजने आणि सहा गळ गेले, आणि मी दोष दोऱ्याला देत राहिलो. शेवटी एका जुन्या मासेमाराने मला कापूस आणायला सांगितले. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवायचा, आणि जिथे त्याचे तंतू अडकतील तिथे कडीच्या आतला चिनी मातीसारखा गुळगुळीत थर तडकलेला आहे असे समजायचे. टोकापासून दुसऱ्या कडीत केसाएवढी चीर होती, जी डोळ्यांना दिसत नव्हती आणि नखालाही लागत नव्हती, पण कापूस तिने तत्काळ धरला. नवी कडी बसवून घ्यायला दहा डॉलर लागले. रॉड विकत घेतानाच दुकानात खिशातून कापूस काढून ही परीक्षा करावी. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. दोन तुकड्यांचा सांधा अडकू नये म्हणून त्यावर साध्या मेणबत्तीचे मेण चोळावे, एवढेच त्याचे पथ्य.

आता पाण्याविषयी, कारण संच कितीही चांगला असला तरी तो कुठे टाकायचा हे कळले नाही तर पैसे वाया जातात. नाना आम्हाला लहानपणी सांगत, "लांब टाकायची घाई कशाला? आधी पाणी बघ, मग गळ टाक." हे कृष्णेइतकेच हिंदी महासागरालाही लागू आहे. पर्थच्या सिटी बीच आणि फ्लोरिएट या किनाऱ्यांवर मी सर्वाधिक वेळ घालवला आहे. तिथे लाटा ज्या पट्ट्यात पांढऱ्या होऊन फुटतात तिथे खाली वाळूचा उंचवटा असतो, आणि दोन पांढऱ्या पट्ट्यांमधले गडद, शांत पाणी म्हणजे खळगा असतो. मासे त्या खळग्यातून फिरतात, आणि तो पुष्कळदा किनाऱ्यापासून तीस-चाळीस पावलांवरच असतो. म्हणूनच ९ फुटांचा रॉड पुरतो. कोकणात भरती-ओहोटीचे जे मोठे चढउतार आपण पाहतो ते पर्थला नाहीत. तिथे पाणी साधारणपणे मीटरभरही वरखाली होत नाही आणि बहुतेक दिवशी भरती एकदाच येते, त्यामुळे भरतीपेक्षा वारा पाहणे महत्त्वाचे ठरते. उन्हाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि फेकीला पाठीमागून हात देतो. दुपारनंतर नैऋत्येकडून जोरदार वारा सुटतो, ज्याला तिथले लोक 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात, आणि त्याच्या तोंडावर हलका रॉड घेऊन उभे राहण्यात अर्थ नसतो.

अशा पहाटे या संचावर लागणारा माझा सर्वांत आवडता मासा व्हाइटिंग होय. आपल्याकडे रत्नागिरीहून सांगलीच्या बाजारात येणारी मुडदुशी याच कुळातली, तसेच निमुळते तोंड आणि तेच पांढरे, नाजूक मांस. त्यासाठी सहा नंबरचा लांब दांडीचा लहान गळ आणि माकुळाची करंगळीएवढी पट्टी पुरते, आणि तो चोचीने टोचल्यासारखा टकटक करतो, तेव्हा रॉडचे टोक हलते आणि ते थेट तळव्याला कळते. जड रॉडवर मला हे कधीच कळले नव्हते. संध्याकाळी टेलर हा धारदार दातांचा मासा येतो, त्याला तारलीच्या जातीचा अख्खा मासा एकात एक अडकवलेल्या तीन गळांवर लावून टाकतात. त्याच्या ओढीपुढेही हा रॉड टिकला. हेरिंग या लहान माशासाठी वुडमन पॉइंटजवळच्या ॲमो जेटीवर जाणे नवख्यांना सोयीचे आहे, कारण तिथे शेजारी उभे राहून शिकवणारी माणसे भेटतात.

खर्चाच्या दृष्टीने मोठी सोय अशी की वेस्टर्न ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावर उभे राहून दोऱ्या-गळाने मासे धरायला परवाना लागत नाही. होडीतून धरायचे असतील तर लागतो. पण परवाना नाही म्हणजे नियम नाहीत, असे मुळीच नाही. टेलर ३० सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर तो परत सोडावा लागतो आणि दिवसाला माणशी आठच ठेवता येतात, तर हेरिंग बाराच. माझ्या रॉडच्या दांड्यावर मी खिळ्याने ३० सेंटीमीटरची खूण करून ठेवली आहे. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून जाण्यापूर्वी तिथल्या मत्स्य खात्याची ताजी पुस्तिका पाहावी. फुगणारा ब्लोफिश मात्र किती का असेना, खायचा नाही. त्याच्या अंगातले विष शिजवूनही जात नाही.

आमिषाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण काटकसरीच्या भरात आपली मुले नेमकी तीच चूक करतात आणि मीही ती करणार होतो. सुपरमार्केटातली आयात केलेली कच्ची कोळंबी स्वस्त पडते, पण ती आमिष म्हणून वापरायची नसते, आणि तसे तिच्या वेष्टनावर लिहिलेलेही असते. २०१६ मध्ये क्वीन्सलँडच्या कोळंबीच्या तलावांत व्हाइट स्पॉट हा विषाणुजन्य रोग आढळला आणि तिथले शेततळीवाले उद्ध्वस्त झाले. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण कच्च्या कोळंबीतून तो पाण्यात पसरू शकतो. द्राक्षबागेत एका रोगट काडीने काय होते हे तासगावच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. गळाच्या दुकानातली स्थानिक आमिषेच घ्यावीत. माकुळाचे एक पाकीट मला तीन पहाटांना पुरते.

रॉड-रीळ, नवा दोरा, शिसे, गळ, दोऱ्याला पीळ पडू न देणाऱ्या छोट्या फिरक्या (स्विव्हल) आणि वाळूत रॉड उभा करण्यासाठी तिरपा कापलेला पीव्हीसी पाइप, असे सगळे मिळून मला ११७ डॉलर लागले, आणि त्यानंतर दोन वर्षांत आमिष, तुटलेले गळ आणि ती एक कडी सोडून मोठा खर्च झाला नाही. बादली आणि सुरी घरचीच.

भाच्यासाठी तो रॉड मी मिरजेतून आणलेल्या ९० मिलिमीटरच्या पाइपात भरला आहे. दोन तुकडे १३७ सेंटीमीटरचे असल्यामुळे टोपणांसह पाइप १४० सेंटीमीटरमध्ये बसतो, आणि लांबी-रुंदी-उंचीची १५८ सेंटीमीटरची जी एकूण मर्यादा पुष्कळ विमान कंपन्या ठेवतात तिच्यात जेमतेम राहतो. तरी आपल्या कंपनीचा नियम आधी विचारावा. शिसे इथून नेऊ नये, सामानाचे वजन त्यातच संपते. आम्ही परवा नानांबरोबर हरिपूरला हाच रॉड घेऊन बसलो होतो, त्यामुळे अजून एक काम उरले आहे. ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या पत्रकात माती लागलेल्या किंवा गोड्या पाण्यात वापरलेल्या खेळाच्या सामानाविषयी विचारतात, आणि तिथे 'होय' असेच लिहून सामान दाखवायचे असते. म्हणून आज सकाळपासून भाचा अंगणात बसून जुन्या दातांच्या ब्रशने सांध्यातला, कड्यांच्या बुडातला आणि रिळाच्या बुडाखालचा कृष्णेचा गाळ काढतो आहे, आणि नाना खाटेवर बसून कुठे राहिला ते दाखवत आहेत.