रोशफोर १०: सहा बाटल्या, सात महिने आणि पुण्याचं हवामान

गेल्या डिसेंबरात माझा मावसभाऊ ब्रसेल्सहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत स्वेटरांत गुंडाळलेल्या सहा बाटल्या होत्या. प्रत्येकी ३३० मिलिलिटर, म्हणजे एकूण १.९८ लिटर. विमानतळावर माणशी दोन लिटरची सूट मिळते, ती त्याने जवळपास पुरेपूर वापरली होती. बिअर बेल्जियममधल्या रोशफोरच्या मठाची, निळ्या टोपणाची, ११.३ टक्क्यांची. डिसेंबर ते जुलै अशी मी ती पुरवून पुरवून प्यायलो. एकदा पिऊन या बिअरबद्दल काही सांगता येत नाही, म्हणून सगळ्या बाटल्या संपेपर्यंत लिहायचं थांबलो होतो.

आधी थोडं बिअरबद्दल. या मठात बिअर गाळली जात असल्याच्या नोंदी १५९५ पासूनच्या आहेत. आज तिथे मुख्यतः तीन बिअर होतात: ६ म्हणजे लाल टोपणाची, ८ हिरव्या आणि १० निळ्या टोपणाची. हे आकडे अल्कोहोलचे नाहीत. आंबवण्याआधी बार्लीच्या गोड रसात साखर किती दाट होती, ते मोजायच्या जुन्या बेल्जियन मापावरून ते आले आहेत. आपल्याकडची स्ट्राँग बिअर सात-आठ टक्क्यांवर थांबते. ११.३ टक्क्यांची ३३० मिलिलिटर म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण ३७ मिलिलिटर, म्हणजे व्हिस्कीचे जवळजवळ तीन स्मॉल पेग. एक बाटली दोघांत घ्यायची, आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याने घ्यायचीच नाही.

पहिली बाटली मी चुकीची उघडली. भाऊ आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, फ्रिजमधून काढून थेट. ही बिअर बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, त्यामुळे तळाशी यीस्टचा गाळ बसलेला असतो. प्रवासात तो सगळा ढवळला गेला होता. ग्लासात आलं ते गढूळ, तपकिरी, आणि एवढं थंड की जिभेला गोडसर कडूपणापलीकडे काही कळेना. भाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, आठवडाभर उभी ठेव आणि मग बघ." उरलेल्या पाच त्याच दिवशी उभ्या ठेवल्या. तीन माझ्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये, वरच्या मजल्यावरच्या पोटमाळ्यावर, आणि दोन शनिवार पेठेत मित्राच्या जुन्या वाड्याच्या तळघरात. तेव्हा काही तुलना करायचं डोक्यात नव्हतं. घरी जागा नव्हती, एवढंच कारण.

दुसरी बाटली संक्रांतीच्या रात्री उघडली, आणि या सात महिन्यांतली सगळ्यात सुंदर रात्र तीच. गच्चीवरचा पारा अकरा-बारावर होता. बाटली फ्रिजमध्ये ठेवलीच नाही, संध्याकाळपासून गच्चीच्या कठड्याआड ठेवली. ब्रँडीचा पोटाळ ग्लास साबणाचा मागमूस राहू नये म्हणून दोनदा साध्या पाण्याने विसळला, कारण साबणाचा पातळ थर राहिला तरी फेस बसतो. ग्लास तिरका धरून, धार न तोडता ओतली आणि तळाचं बोटभर बाटलीतच ठेवलं. वर बदामी रंगाचा दाट फेस आला. खाली बिअर जवळजवळ काळी दिसत होती, पण मोबाइलचा उजेड मागून धरला तर आतून लालसर चमकत होती, जशी काकवी चमच्यातून सोडताना चमकते.

वास आधी काकवीचा आला, मग खजूर, मग सुक्या अंजिराचा. हात लागून ग्लास जरा कोमट झाला तशी मागून मिऱ्यासारखी एक तिखट झुळूक आली. या बिअरमध्ये किंचित धने घालतात हे मला माहीत होतं, तरी धने म्हणून ते कुठेच वेगळे लागत नाहीत. आपण गोडा मसाला खातो तेव्हा त्यातला दगडफूल वेगळा काढून दाखवता येत नाही, पण नसला तर जाणवतं, तसंच हे. पहिला घोट गोड वाटतो, पण घशाखाली जाताना कोरडा होतो आणि छातीत ऊब पसरते. साखर यीस्टने खाऊन संपवलेली असते, म्हणून एवढी दाट बिअर जिभेला चिकटत नाही.

सोबत गुळपोळी होती, वर साजूक तूप. बायकोने ती सहज पुढे केली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. भाजलेल्या बेसन-तिळाचा खरपूस वास, गुळाचा पाक आणि ही बिअर, तिघांचं एकमेकांशी जुनं नातं असावं असं जमलं. बेल्जियमचे लोक हिच्याबरोबर चीज खातात. मी चीजबरोबरही घेतली आहे, चांगली लागते. पण संक्रांतीची गुळपोळी ती गुळपोळी. चकणा म्हणून शेव, मसाला शेंगदाणे, झणझणीत मिसळ यांतलं काही हिच्यासमोर ठेवू नका. एवढं अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, आणि मग ना तिखटाची चव कळते ना बिअरची.

तळाचं उरलेलं बोटभर आम्ही शेवटी वेगळ्या छोट्या ग्लासात घेतलं. गढूळ, ताज्या पावासारखं, थोडं कडवट. मला आवडलं. बायकोला नाही.

इथे एक तक्रार मनापासून करायची आहे. पुणं हे क्राफ्ट बिअरचं शहर आहे. २००९ साली डूलाली या ब्रूपबने इथे ताजी बिअर गाळायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्या लोकांनी गव्हाची बिअर, सायडर, स्टाउट सगळं समजून घेतलं आहे. तरीही फेब्रुवारीत एका ठिकाणी मी त्यांची हिवाळी स्टाउट मागवली, तर ती बर्फाने पांढऱ्या पडलेल्या मगात आली. गाळणाऱ्याने कष्टाने भाजक्या बार्लीची कॉफीसारखी चव आणली होती, आणि ती मगाच्या बर्फात गोठून गेली. साधा ग्लास मागितला तर वेटर म्हणाला, "सर, बाकीच्यांना चिल्डच लागते." त्याचा दोष नाही. पण काळी बिअर थंडगार द्यायची म्हणजे तिचा वास मारून द्यायची. वास हवेत उडेल तेव्हाच नाकाला कळणार, आणि त्यासाठी थोडी ऊब लागते. फिकट, हलकी बिअर चार-पाच अंशांना छान लागते. हिला बारा-चौदा अंश लागतात, म्हणजे पुण्याच्या जानेवारीच्या रात्रीचं तापमान. युरोपात लोक त्यासाठी तळघरं बांधतात आणि आपल्याला ते महिनाभर गच्चीवर फुकट मिळतं.

तिसरी बाटली मार्चअखेर, पोटमाळ्यावरची. मिऱ्याची झुळूक कमी झाली होती, मनुका पुढे आल्या होत्या. फेस जरा लवकर बसला. चांगलीच होती, फक्त वय झाल्यासारखी मऊ.

मे महिन्यात मात्र डोळे उघडले. एप्रिलपासून पारा अडतीसच्या वर, आणि वरच्या मजल्याचा पोटमाळा म्हणजे भट्टी. मित्र जेवायला येणार होता, त्याला म्हटलं तळघरातली एक घेऊन ये. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी, एकाच तापमानाला आणून उघडल्या. टोपणांवरची तारीख एकच. पोटमाळ्यावरचीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता, त्यामागे सोया सॉससारखं खारट काहीतरी. फेस विरळ. गोडवा होता, पण त्यात जीव नव्हता. उष्णतेने बिअरमधलं ऑक्सिडेशन झपाट्याने होतं, हे वाचून ठाऊक होतं. घोट घेऊन कळलं तेव्हा वाईट वाटलं, कारण इतक्या लांबून आलेली वस्तू मी स्वतः वर ठेवून खराब केली होती.

आणि तळघरातली! तिच्यात संक्रांतीच्या रात्रीचं सगळं होतं, शिवाय शेरी या स्पॅनिश वाइनसारखा एक गोल, बदामी वास नव्याने आला होता. हेही ऑक्सिडेशनच, पण सावकाश, गारव्यात झालेलं. दगड-मातीच्या दोन हात जाड भिंतींनी अख्खा उन्हाळा बाहेर अडवला होता. मित्र बाटलीवरून हात फिरवत म्हणाला, "आजोबा त्याच तळघरात लोणच्याच्या बरण्या ठेवायचे."

तुमच्याकडे वाडा नसेल तर घरातली सगळ्यात थंड, अंधारी जागा शोधा. खालच्या मजल्यावरचं, उत्तरेकडच्या भिंतीचं कपाट चालेल. तेही नसेल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, आणि प्यायच्या आधी पाऊण तास बाहेर. बाटली नेहमी उभी. काच गडद तपकिरी असली तरी उन्हात नको, उजेडाने हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, वास कुबट होतो.

शेवटची बाटली जुलैत, आठवडाभर सूर्य दिसला नव्हता तेव्हा. तळघरातून आली तेव्हा लेबलला बुरशीचे ठिपके होते, आत मात्र काही बिघडलं नव्हतं. हिच्याबरोबर काळ्या मसाल्याचं, रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मटण केलं, मिरची अर्ध्यावर आणून. छान जमलं, पण गुळपोळीची सर नाही.

मावसभाऊ यंदाही डिसेंबरात येतो आहे. मर्यादा तीच, दोन लिटर. त्याला चार निळ्या आणि दोन हिरव्या टोपणाच्या सांगितल्या आहेत, आणि मित्राला तळघराची एक फळी रिकामी करायला.