नांदेडचा खादीचा तिरंगा : चार झेंडावंदनांनंतरचा अभिप्राय

नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीने तयार केलेला तीन फूट बाय दोन फूट आकाराचा खादीचा तिरंगा आमच्या कॉलनीसाठी आम्ही २०२४ च्या ऑगस्टमध्ये घेतला. १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर, २६ जानेवारी आणि १ मे अशी चार झेंडावंदने त्याच्याखाली पार पडल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

आमचा आधीचा झेंडा पॉलिस्टरचा, ऑनलाइन मागवलेला होता. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत पॉलिस्टरला परवानगी मिळालेली असल्यामुळे कापडाविषयी तक्रार नव्हती. परंतु अशोकचक्र पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध नव्हते आणि आरे मोजले तर बावीसच भरले. ज्याला वंदन करायचे, ते इतक्या निष्काळजीपणे बनवलेले असावे, याचे मनाला फार वाईट वाटले.

नव्या झेंड्याची घडी उघडताच आम्ही आधी आरे मोजले. ते चोवीस आहेत, आणि दोन्ही बाजूंची चक्रे नेमकी एकमेकांवर बसतात. तिन्ही पट्टे वेगवेगळे असून शिवणीने जोडलेले आहेत. दोरी ओवण्याची बाजू जाड कापडाची आहे आणि दोरीच्या वरच्या टोकाला लाकडाची लहानशी खुंटी आहे, त्यामुळे झेंडा उलटा बांधला जाण्याची भीती राहत नाही. किंमत पॉलिस्टरच्या कितीतरी पट आहे. शिवाय खादी पावसात भिजली की जड होते आणि मंद वाऱ्यावर फडकत नाही. १५ ऑगस्टला भुरभुर पाऊस होता, तेव्हा झेंडा उतरवून रात्रभर पंख्याखाली वाळवावा लागला. खादी घेणाऱ्याने ही तयारी ठेवावी.

तरीही हाच झेंडा घ्यावा असे मी म्हणतो, त्याचे कारण १७ सप्टेंबरमध्ये आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिरंगा लावणे हा तिथे गुन्हा होता, आणि आमच्या आजोबांनी त्यापायी तुरुंग भोगला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढा आणि भारतीय सैन्याची कारवाई यांमुळे १७ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे उर्वरित देशानंतर तेरा महिने दोन दिवसांनी, आमची सुटका झाली. जिथे तिरंगा लपवून ठेवावा लागे, त्याच मातीत आज तो तयार होतो, ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

२०२४ मध्ये त्याच दिवशी अनंत चतुर्दशी आली होती. सकाळी गणपतीसाठी आणलेल्या फुलांतल्या मूठभर पाकळ्या आईने बाजूला काढल्या आणि झेंड्याच्या घडीत ठेवायला दिल्या. ध्वजसंहितेला ते मान्य आहे. दोरी ओढताच पाकळ्या तिच्याच पदरावर पडल्या. तिने त्या वेचून सासऱ्यांच्या तसबिरीपुढे ठेवल्या, देवापुढे जोडते तसे हात जोडले, आणि मगच आरतीचे ताट हाती घेतले.

२०२२ पासून झेंडा रात्रीही ठेवता येतो, पण आम्ही सूर्यास्तापूर्वी उतरवतो. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून चक्र वर राहील अशी घडी घालतो आणि ती दोन्ही तळहातांवर घेऊन घरी आणतो. कापड आणि शिवण अजून शाबूत आहेत. येत्या १५ ऑगस्टलाही हाच झेंडा चढेल. शेजारच्या कॉलनीसाठीही असाच एक आणायला मला सांगितले आहे.